चार अक्षरांचा ससेमिरा

सकाळी वर्तमानपत्र उघडलं की हा शब्द हमखास भेटतो. कुणाच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागलेला असतो, कुणी पक्ष बदलून तो चुकवलेला असतो, कुणाच्या दारी वसुलीचा ससेमिरा येऊन उभा असतो. घरातल्या बोलण्यात मात्र तो सहसा ऐकू येत नाही. आई मुलाला 'ससेमिरा लावू नकोस' असं म्हणत नाही. 'भुणभुण लावू नकोस' म्हणते. घरात पिरपिर असते, कटकट असते, डोकं खाणं असतं. हे शब्द चपला बाहेर काढून आत येणारे. ससेमिरा बूट घालून येतो.

एखाद्या गोष्टीसाठी कुणाच्या तरी सतत मागे लागणं, या एका सवयीसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. सायकल हवी म्हणून मूल टुमणं लावतं. 'स्थळ चांगलं आहे, एकदा बघून तरी या' म्हणत आत्या खनपटीला बसते. अहवाल आज संध्याकाळपर्यंत हवा म्हणून साहेब लकडा लावतात. उधारी थकली की वाणी तगादा लावतो. या सगळ्यांत मागे लागणाऱ्याचा चेहरा दिसतो. ससेमिरा बहुधा आपला आपण 'लागतो'. जसा ग्रह लागतो, साडेसाती लागते. कुणी लावला हे सांगितलं नाही तरी वाक्य अडत नाही. ज्याच्या मागे तो लागला, त्याची दया यावी अशी त्या शब्दाची घडणच आहे.

तगाद्याची गोष्ट निराळी. तो मुळात अरबी; फारशीतून आपल्याकडे आला. हिंदीत त्याचं रूप 'तकाजा'. तिकडे वेळेचा तकाजा असतो, वयाचाही असतो. मराठीत आल्यावर हा शब्द पैशाला चिकटला तो कायमचा. वयानं आपल्यामागे तगादा लावला असं कुणी म्हणत नाही, पण तगादा म्हटलं की वहीतली बाकी आणि दाराची कडी लगेच डोळ्यांसमोर येते.

तगाद्याचं पुढचं पाऊल म्हणजे धरणं. घेणेकऱ्यानं देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचं. तो बसलाय तोवर आतल्यांच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. दारात कुणी उपाशी मेलं तर त्याचं पाप घराला लागेल, ही भीती तगाद्याहून भारी पडायची. 1860 च्या भारतीय दंड संहितेत यासाठी वेगळं कलम होतं, 508 वं. समोरच्याला दैवी कोपाची भीती घालून काही करायला लावणं हा गुन्हा, असं ते सांगायचं आणि उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूसच द्यायचं. आज जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मांडव घालून, फलक लावून जे धरणं धरतात, त्याचा पूर्वज असा कुणाच्या तरी ओट्यावर उपाशी बसलेला होता.

तगादा फार ताणला की काय होतं, तेही याच मातीनं पाहिलं आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखतं आणि वह्या. हाती लागतील तेवढे कागद त्यांनी जाळले. लोण पुणे-नगर भागात पसरलं, चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. तगाद्याचा सगळा जीव कागदात आहे, हे ते लोक नेमकं ओळखून होते.

एवढं सगळं माहीत असूनही माझ्यामागे लागलेला ससेमिरा ओळखायला मला आठ महिने लागले.

आमच्या मागच्या गल्लीत मराठीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्याकडे दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड आहेत, 1932 ते 1938 या काळात निघालेले, शिवाय 1950 ची पुरवणी. पुठ्ठे बदललेले, पाठीवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर शाईनं अक्षरं. एका लेखासाठी मला 'स'चा खंड हवा होता. सर क्षणभर थांबले. मग खंड फडक्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. कधी परत देणार हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊला त्यांचा फोन येऊ लागला. 'परत द्या' हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. पहिल्या रविवारी पावसाची चौकशी केली, दुसऱ्या रविवारी माझ्या गुडघ्याची. तिसऱ्या रविवारी हळूच म्हणाले, "बरं, आमचा 'स' काय म्हणतोय?" मी म्हटलं, "मजेत आहे." पुढे हा प्रश्न ठरूनच गेला. घड्याळात नऊ वाजायच्या आधी मी अंघोळीला जायला लागलो. नंतर नंतर फोन वाजला की मुलगी ओरडायची, "बाबा, सरांचा ससेमिरा आलाय!" घरभर हशा पिकायचा, त्यात माझाही आवाज मिसळलेला असायचा.

घरात कुणाला ठाऊक नव्हतं ते असं, की 'स' मजेत नव्हता. ऑगस्टमधल्या एका रात्री तो खिडकीत राहिला आणि झडीच्या पावसानं भिजला. सकाळी पाहिलं तर कडेची पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. मी वर्तमानपत्रांत घालून तो सुकवला, पंख्याखाली ठेवला, वरून पाटा ठेवला. सुकला, पण पानांवर तपकिरी नकाशे उमटले आणि पुठ्ठा कमानीसारखा वाकला. मी तो कपाटाच्या वरच्या फळीवर गाद्यांच्या मागे ठेवून दिला. दुसरी प्रत शोधू, बांधून घेऊ, मग देऊ, असं मनाशी म्हणत आठ महिने काढले. त्या आठ महिन्यांत सरांच्या फोनचा मला राग येत होता, हे लिहायला आज लाज वाटते. त्यांना एका पुस्तकाचं एवढं काय पडलंय, आपला काही भरवसा आहे की नाही, असं मी चक्क बायकोला ऐकवलं.

मार्चमध्ये एका रविवारी मी फोनची वाट न पाहता पिशवीत खंड घातला आणि गेलो. सरांनी तो बाहेर काढला, नाकाशी नेला, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. मी वाक्यं जुळवत होतो. ते शांतपणे पानं उलटत 'सस'पाशी आले. एक पान दुसऱ्याला चिकटलं होतं, ते त्यांनी नखानं अलगद सोडवलं आणि म्हणाले, "तुमची मुलगी फोनवर हात न ठेवता ओरडते. मला ऐकू जातं."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. सर मात्र हसत होते. "शब्द बरोबर वापरला पोरीनं. तुम्हाला त्याची गोष्ट ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हती. त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि सिंहासनबत्तिशीतली गोष्ट सुरू केली.

विशाला नगरीचा राजा नंद. भानुमती ही त्याची राणी, राजाला इतकी लाडकी की दरबारातही ती डोळ्यांसमोर हवी. प्रधान बहुश्रुत म्हणाला, राणीला दरबारात बसवणं शोभत नाही, चित्र काढवून घ्या. चित्र हुबेहूब उतरलं, पण राजगुरू शारदानंद म्हणाला, डाव्या मांडीवरचा तीळ राहिला. तीळ खरोखरच होता. याला हे कसं ठाऊक, म्हणून राजाच्या मनात संशयानं घर केलं आणि त्यानं गुरूला मारून टाकण्याचा हुकूम दिला. प्रधानानं गुरूला मारलं नाही, तळघरात लपवलं.

पुढे राजपुत्र शिकारीला गेला. सोबतीपासून तुटला, मागे वाघ लागला. तो एका झाडावर चढला तर वर अस्वल बसलेलं. अस्वल म्हणालं, भिऊ नकोस, तू माझ्या आसऱ्याला आला आहेस. रात्र पडली. राजपुत्र अस्वलाच्या मांडीवर झोपला. खालून वाघ म्हणाला, हा माणूस आहे, उद्या तुझ्याच जिवावर उठेल, ढकल त्याला खाली. अस्वलानं ऐकलं नाही. मग अस्वल राजपुत्राच्या मांडीवर झोपलं. वाघानं तोच मंत्र राजपुत्राच्या कानात घातला आणि राजपुत्रानं झोपलेल्या अस्वलाला ढकललं. अस्वलानं पडता पडता फांदी धरली. त्यानं राजपुत्राला मारलं नाही. एवढंच म्हणालं, 'ससेमिरा' असं बरळत रानोमाळ भटक.

राजपुत्राची वाचा गेली. काही विचारा, तोंडातून चारच अक्षरं: ससेमिरा, ससेमिरा. वैद्य झाले, मांत्रिक झाले. गुरूला मारलं नसतं तर त्यानं उपाय सांगितला असता, म्हणून राजा हळहळू लागला. तेव्हा प्रधान म्हणाला, माझी लहान मुलगी याचं कोडं सोडवील. मात्र ती पडद्याआडून बोलेल. पडद्याआड बसला होता शारदानंद. त्यानं एकेक श्लोक म्हटला. पहिला 'स'नं सुरू होणारा: विश्वासानं मांडीवर झोपलेल्याला फसवण्यात कसली हुशारी, अशा अर्थाचा. तो संपला आणि राजपुत्र 'सेमिरा, सेमिरा' म्हणू लागला. दुसरा 'से'नं सुरू होणारा: सेतुबंधाची यात्रा केलीस तरी मित्रद्रोह धुऊन निघत नाही. उरलं 'मिरा'. तिसरा 'मि'चा, कृतघ्नाच्या वाट्याला काय येतं ते सांगणारा. उरलं नुसतं 'रा'. चौथा राजालाच उद्देशून: मुलाचं भलं हवं असेल तर आता देतं व्हा, दान करा. शेवटचं अक्षर गळालं आणि राजपुत्रानं सगळी हकिगत आपल्या तोंडानं सांगितली. राजा चकित झाला. घरात वाढलेल्या पोरीला रानातली गोष्ट कशी कळली? पडद्याआडून उत्तर आलं: जसा भानुमतीचा तीळ कळला, तशीच. राजा काय ते समजला आणि त्यानं पडदा बाजूला केला.

सर थांबले. चहा गार झाला होता. "तेव्हा ससेमिरा म्हणजे हा," एवढं बोलून ते बशीत चहा ओतायला लागले. तात्पर्य त्यांनी सांगितलं नाही. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाला तात्पर्य कुठे गिळायचं ते कळत असावं.

परतताना रस्त्यात गोष्टीचा वाकडेपणा माझ्या ध्यानात आला. आपण ससेमिरा म्हणतो तो बाहेरून येणारा: तपासणीवाल्यांचा, वसुलीवाल्यांचा, सरांच्या फोनचा. गोष्टीत मात्र शापानंतर राजपुत्राच्या मागे कुणीच लागलेलं नाही. वाघ निघून गेला, अस्वल पुन्हा दिसलं नाही. ती चार अक्षरं त्याच्याच तोंडून येतात आणि कान किटतात ते सगळ्या राज्याचे. शब्द गोष्टीतून बाहेर पडला आणि वाटेत कुठेतरी आपण त्याचं तोंड फिरवलं. ज्याच्या आत बोच होती तो बिचारा ठरला आणि ज्याचं घेणं होतं तो पिच्छा पुरवणारा. सर आठवड्यातून एकदा, नऊ वाजता, दोन मिनिटं विचारत होते. उरलेला सगळा आठवडा कपाटाच्या फळीवरून जे विचारत होतं, त्याला त्यांचा आवाज नव्हता.

याचा अर्थ मागे लागणारा प्रत्येक जण अस्वल आणि प्रत्येक त्रासलेला माणूस राजपुत्र, असा काढला तर ते सुप्याच्या शेतकऱ्यांवर अन्यायाचं होईल. काही तगादे निव्वळ छळच असतात. कर्जवसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, हे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. मुलीनं 'नाही' म्हटल्यावरही मागे मागे फिरणाऱ्याला आपल्या सिनेमांनी कित्येक वर्षं नायक म्हटलं. 2013 मध्ये कायद्यानं त्याला गुन्हेगार म्हटलं, ते बरं झालं. जे देणं आपण लागतच नाही, त्यासाठीचा लकडा सोसण्यात कसलंही पुण्य नाही. तिथं कडी लावावी, गरज पडली तर पोलिसांत जावं.

दुसऱ्या टोकाला 'पाठपुरावा' आहे. हा शब्द एके काळी पाठिंब्याच्या घरचा. एखाद्या मताचा, एखाद्या सुधारणेचा पाठपुरावा करायचा म्हणजे तिच्या पाठीशी उभं राहायचं. आता तो सरकारी टपालात जाऊन बसला आहे: 'सदर प्रकरणी वारंवार पाठपुरावा करूनही'. त्या 'वारंवार'मध्ये किती खेपा असतात, ते निवृत्तिवेतनाची फाईल अडलेल्या माणसाला विचारावं. प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्सच्या प्रती, कडा दुमडलेली पोचपावती, 'साहेब रजेवर आहेत', 'पुढच्या सोमवारी बघा'. टेबलापलीकडून त्या माणसाला चिवट म्हणतात. त्याच्या बाजूनं पाहिलं तर तो फक्त स्वतःचा 'स' मागत असतो. माहितीच्या अधिकारानं 2005 मध्ये एक बरं केलं: तीस दिवसांची मुदत कागदावर आणली आणि मागणाऱ्याच्या अंगाला चिकटलेला कटकट्या हा शिक्का थोडा पुसला.

दुसऱ्यासाठी मागे लागणाऱ्यांची जात त्याहून वेगळी. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरले. पुढे 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून पुन्हा झोळी घेतली. त्यांना येताना पाहून वाट बदलणारे लोकही असतीलच. आज त्या बदललेल्या वाटा कुणाला आठवत नाहीत.

तेव्हा मागे लागणं चांगलं की वाईट, हे किती वेळा विचारलं यावरून ठरत नाही. मागितलेलं कुणाचं आहे, यावरून ठरतं. दहा वेळा वाजलेल्या फोनला शिवी देण्याआधी एवढं एकदा पाहून घ्यावं. ज्यांचं आपण काही लागत नाही, त्यांचा फोन आपण त्रासून घेतो, फटकारून ठेवतो आणि दोन मिनिटांत विसरतो. ज्याचं लागतो, त्याचा फोन आपण घेत नाही. अंघोळीला जातो.

गोष्टीतला उपायही मला फार व्यवहारी वाटतो. चारही अक्षरं एकदम गळत नाहीत. आधी काय केलं ते कुणीतरी सरळ शब्दांत मांडावं लागतं. मग यात्रा-बित्रा करून ते फिटेल ही पळवाट बंद करावी लागते. माझी यात्रा म्हणजे 'दुसरी प्रत शोधू' ही होती. मग त्याचा परिणाम ऐकून घ्यावा लागतो. आणि शेवटी द्यावं लागतं. चौथ्या श्लोकाआधी राजपुत्राची वाचा पूर्ण परतलेली नाही.

पुढचा रविवार उजाडला. नऊ वाजले, फोन वाजला नाही. सवयीनं मी टॉवेल घेऊन उभा होतो. सव्वानऊ झाले. मुलगी म्हणाली, "आज ससेमिरा नाही?" मग मीच फोन लावला.

"काय हो, काही काम?" सरांनी विचारलं.

"नाही. सहज. 'स' कसा आहे?"

"बरा आहे. बांधायला टाकलाय. बिल तुमच्याकडे पाठवतोय." थोडा वेळ पलीकडून फक्त पानं उलटल्याचा आवाज आला. "पुरवणी खंड घरीच आहे. पाहिजे का?"

मी हो म्हणालो.

"मग या. येताना वही-पेन आणा. या वेळी तारीख लिहून ठेवू."